सांधे भरणे

रुवीच्या दवाखान्यात, तिसऱ्या मजल्यावर,
सिस्टर लिसम्मा यादीतून हाक मारते:
विश्राम धोंडू मांजरेकर.
आणि हसते.
तिच्या मल्याळममध्येही या शब्दाचा अर्थ तोच म्हणे.
आजोबांनी हौसेनं ठेवलेलं नाव,
मी ते फारसं वापरलं नाही.

एकोणतीस वर्षं फरश्या बसवल्या.
मत्राहला, अल खुवैरला,
सोहारच्या वाटेवरच्या पेट्रोल पंपांवर,
आणि न्हाणीघरं किती, त्याचा हिशेब नाही.
मराठीत गुडघे टेकणं म्हणजे हरणं.
मी रोज सकाळी साडेसहाला टेकायचो
आणि तिकडे कुडाळात
स्लॅबचं घर एकेक विटेनं उभं राहायचं.

डॉक्टर शम्सा एक्स-रे उजेडात धरते.
हिंदीत सांगते, सावकाश, शब्द निवडून:
हे वरचं हाड, हे खालचं,
मध्ये गादी होती, ती झिजली.
मला गादी नाही कळली. फट कळली.

दोन फरश्यांत फट सोडावीच लागते.
हाताखाली नवा पोरगा आला की
चिकटवून बसवायचा, दिसायला आरशासारखं.
मी म्हणायचो, जून येऊ दे.
उन्हात फरशी फुगते, जागा मागते,
नाही मिळाली
तर भर रात्री फाटकन उठते.
जन्मभर दुसऱ्यांच्या घरात
मी ती जागा मोजून राखली,
तीन मिलिमीटर, प्लास्टिकची फुली ठेवून.

सिरिंजमधलं औषध गढूळ, पांढरं,
पांढरं सिमेंट पातळ कालवावं तसं.
मी विचारलं, हे आत जाऊन सांधे भरणार?
नाही, ती म्हणाली.
भरणार काहीच नाही.
फक्त आतली सूज उतरेल, दुखणं गप्प बसेल.
काही आठवडे. नशीब असेल तर तीन महिने.
सारखं सारखं देणार नाही,
उरलीसुरली गादीही जाईल त्यानं.
साखर आहे ना? चार दिवस चढेल, तपासत राहा.
बाकी वजन, व्यायाम, आणि गुडघ्यावरचं काम बंद.
शेवटचं वाक्य तिनं माझ्याकडे न बघता सांगितलं.

माघात मुलीचं लग्न आहे, मी म्हणालो,
कन्यादानाला मांडी घालून बसता येईल का?
मांडी म्हणजे काय ते तिला कळेना.
करून दाखवावं तर तीच तर अडचण.
लिसम्मानं स्टुलावर बसून हवेत पाय दुमडले,
डॉक्टर तोंडावर हात ठेवून हसली.
खुर्ची घ्या, म्हणाली. बुटकी असली तरी चालेल.

गार फवारा. सुई. मग आत कुठेतरी
कुणीतरी दार ढकलत असल्यासारखा दाब.
वर चिकटवली गोल पट्टी.
गुडघ्याला बाशिंग बांधलेल्या वयात
मी पहिलं विमान पकडलं होतं.
हे बाशिंग उशिराचं.

निघताना दाराजवळ पाऊल अडलं.
चपलेच्या टाचेनं ठोकून पाहिलं. पोकळ.
सिस्टर, ही फरशी खालून सुटलीय.
किती दिवस टिकेल?
जपून चाललात तर, मी म्हणालो,
आणि पुढचा आकडा गिळला.

पहिली रात्र जास्तच ठणकली.
बर्फाची पिशवी, साखरेचा आकडा वहीत,
खोलीतला रियाजुल झोपेतही माझा पाय चुकवून वळायचा.
चौथ्या दिवशी दूध आणायला उतरलो
आणि दुसऱ्या वळणावर थांबलो.
कठडा धरलेला नव्हता.
थांबूनच राहिलो जरा वेळ.
रोज भेटणारं माणूस आज का आलं नाही,
म्हणून वाट पाहावी तसा.

रात्री तिचा फोन:
'पाटार बसतल्यात मा?'
'बसतलंय,' मी म्हटलं.
'उठूचा काय ता मगे बघू.'